आधी थांबण्याचं बटण

मोटरचं कोणतंही कंट्रोल सर्किट वाचायला घ्या. फेजची रेघ निघते, फ्यूजमधून जाते, ओव्हरलोड रिलेच्या एका कॉन्टॅक्टमधून जाते आणि मग पहिलं बटण येतं ते लाल, बंद करायचं. हिरवं त्याच्या पुढे. यंत्र चालवण्यासाठी काढलेल्या नकाशात थांबवायची सोय आधी येते, आणि तीही अशी की मोटर चालू असेपर्यंत लाल बटणातून करंट वाहत असतो. बटण दाबलं की त्याची वाट तुटते. बटण कुणी दाबलंच नाही, पण त्याची वायर उंदराने कुरतडली, स्क्रू ढिला झाला, आतली पट्टी गंजली, तरीही वाट तुटते आणि मोटर थांबते. रचना उलट असती, म्हणजे बटण दाबल्यावर करंट जाऊन मोटर थांबणार असती, तर तुटलेल्या वायरीचा पत्ता लागला असता तो कुणाची बाही पट्ट्यात अडकलेली असताना.

आयटीआयमध्ये आम्ही ही सर्किटं जर्नलमध्ये काढायचो. टोकदार पेन्सिल, सरळ रेघा, खाली सरांची सही. डीओएल स्टार्टरचं, म्हणजे डायरेक्ट ऑन लाईनचं सर्किट वर्गातल्या कुणीही झोपेतून उठून काढून दाखवलं असतं. पण काढता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं, हे मला कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागल्यावर दिसलं. तिथल्या इलेक्ट्रिक खात्यात एक जुने मिस्त्री होते. शाळा थोडीच झालेली, इंग्रजी अक्षरं ओळखीपुरती. पॅनेलच्या दारामागच्या खिशात ड्रॉइंगचा कळकट गठ्ठा असायचा, तो ते टेबलावर पसरायचे, एखाद्या कॉन्टॅक्टवर पेन्सिलीचं टोक ठेवायचे आणि विचारायचे, "ह्यो हितं कशाला आलाय? काढून टाकला तर काय हुईल?"

पुस्तकात असाच दाखवलाय, हे उत्तर त्यांच्याकडे चालत नसे. ते टोक तिथेच ठेवून वाट बघायचे. पुढे मी पुस्तकं वाचली, परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग वाचले, नव्या मशिनरीबरोबर आलेली शेकडो पानांची ड्रॉइंग वाचली. तरी सर्किट वाचायची विद्या म्हणाल तर ती मला त्या दोन प्रश्नांतच सापडली, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना मीही तेच दोन प्रश्न विचारत आलो.

मोटर स्वतः काही ठरवत नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. १८८९ मध्ये मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी बर्लिनच्या एईजी कंपनीत पिंजऱ्यासारख्या रोटरची तीन फेजची मोटर बनवली. आज विहिरीवर पाणी उपसणारी मोटर तिच्याच वंशातली. तिच्या फिरत्या भागाला एकही वायर जोडलेली नसते. तीन फेज दिले की फिरते, त्यातल्या दोघांची अदलाबदल केली की उलटी फिरते, एक फेज गेला तर घुमत राहते आणि तापून जळते. कधी चालायचं, कधी थांबायचं, किती सोसायचं, हा सगळा विवेक तिच्या बाहेर, स्टार्टरच्या पेटीत असतो. त्या पेटीचे कागदावर दोन भाग होतात. जाड तीन रेघांचं पॉवर सर्किट एका नजरेत वाचून होतं: मेन स्विच, फ्यूज, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, मोटर. विचार असतो तो बाजूच्या बारीक रेघांमध्ये. प्रत्यक्षात त्या जेमतेम दीड चौरस मिलिमीटरच्या वायरी असतात.

नवशिक्याची पहिली अडचण ही की कागदावरचं सर्किट नेहमी झोपलेलं असतं. वीज बंद, कॉइल सुटलेली, बटणावर बोट नाही, टायमर शून्यावर, अशा अवस्थेत प्रत्येक कॉन्टॅक्ट काढलेला असतो. एनओ म्हणजे या झोपेत उघडा, एनसी म्हणजे या झोपेत जोडलेला. मोटर चालू असताना यातले कितीतरी कॉन्टॅक्ट नेमके उलट अवस्थेत असतात, पण कागद ते दाखवत नाही. ते वाचणाऱ्याने मनात करायचं असतं. हिरवं बटण दाबलं, कॉइलला करंट गेला, आता या नावाचे सगळे कॉन्टॅक्ट बदलले, म्हणून ही वाट उघडली, ती मिटली, मग पुढची कॉइल ओढली... असं एकेक पाऊल टाकत जायचं. चित्रात काळ नसतो, तो आपण घालायचा असतो. ज्यांना हे जमत नाही ते सर्किट तोंडपाठ करतात, आणि पाठ केलेलं सर्किट बिघाडाच्या वेळी काडीच्या उपयोगाचं नसतं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर ही एकच वस्तू असते, तळहातावर मावेल एवढी. कागदावर मात्र ती विखुरलेली असते. तिची कॉइल खाली एका रेघेच्या टोकाला, मुख्य तीन कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर, एक साहाय्यक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाच्या शेजारी आणि आणखी एक भलत्याच मोटरच्या सर्किटमध्ये. त्यांना बांधून ठेवणारा दुवा फक्त नावाचा. सगळ्यांवर के१ लिहिलेलं असतं. मिस्त्रींनी माझ्या हातात एक जुना कॉन्टॅक्टर दिला होता, वरचं कव्हर काढलेला. आत इंग्रजी ई आकाराचा पत्र्यांचा गाभा, त्याभोवती कॉइल, तिची टोकं ए१ आणि ए२. वर स्प्रिंगवर तोललेला प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. अंगठ्याने सांगाडा दाबला की १-२, ३-४, ५-६ ह्या तीन जाड जोड्या बसतात, त्याच वेळी बाजूची १३-१४ बसते आणि २१-२२ सुटते. शेवटचे अंक १-२ असले की एनसी, ३-४ असले की एनओ, आधीचा अंक नुसता अनुक्रमाचा. ओव्हरलोडचे मात्र ठरलेले: ९५-९६ सुटणारा, ९७-९८ जोडणारा. मी तो सांगाडा दाबत राहायचो आणि समोरच्या कागदावर कुठे कुठे काय हललं ते बोटाने दाखवायचो. विखुरलेल्या के१ची एक वस्तू झाली ती अशी, अंगठ्याखाली.

आता तो १३-१४ बघा. हिरव्या बटणाला समांतर जोडलेला हा कॉन्टॅक्ट म्हणजे होल्डिंग. बोट बटणावर असतं ते क्षणभर. तेवढ्यात कॉइल ओढते, १३-१४ बसतो, आणि बोट निघालं तरी करंट आता या दुसऱ्या वाटेने येत राहतो. कॉइल स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवते. बोट उचललं गेलं तरी "मला चालू करायला सांगितलं होतं" ही आठवण सर्किटमध्ये शिल्लक राहते. लाल बटण दाबलं की ती पुसली जाते, आणि वीज गेली तरीही पुसली जाते. दुसरं पुसणं फार महत्त्वाचं आहे. वीज गेली, लेथ थांबला, कामगाराने चकमध्ये अडकलेला कीस काढायला हात घातला आणि तेवढ्यात वीज आली, तर लेथ आपोआप फिरता कामा नये. पुन्हा कुणीतरी समजून उमजून हिरवं बटण दाबेपर्यंत तो गप्प राहिला पाहिजे. या स्टार्टरमधलं विसरणं मुद्दाम ठेवलेलं आहे.

क्लॉड शॅनन एकवीस वर्षांचा असताना, १९३७ मध्ये, त्याने एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिला, त्यात अशाच रिलेच्या सर्किटांचा अभ्यास होता. एकामागे एक जोडलेले कॉन्टॅक्ट म्हणजे 'आणि', शेजारी शेजारी जोडलेले म्हणजे 'किंवा', उलटा कॉन्टॅक्ट म्हणजे 'नाही'. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये विचाराच्या नियमांचं जे बीजगणित मांडलं होतं ते या वायरींना जसंच्या तसं लागू पडतं, हे शॅननने दाखवलं. पुढे संगणकाची उभारणी याच पायावर झाली. मला हे कळलं तेव्हा भलता आनंद झाला होता. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरचं अख्खं सर्किट एका मराठी वाक्यात मावतं: ओव्हरलोड उडालेला नसेल, आणि लाल दाबलेलं नसेल, आणि हिरवं दाबलेलं असेल किंवा मोटर आधीच चालू असेल, तर मोटर चालू. कॉन्टॅक्टचं सर्किट असं मोठ्याने वाक्यात वाचता येतं, आणि वाचावंही. जिथे 'आणि' म्हणताना जीभ अडखळते तिथे बहुधा समजण्यात काहीतरी राहिलेलं असतं.

स्टार-डेल्टाला आल्यावर मला या वाचनाची खरी गोडी लागली. पंधरा एचपीची मोटर पूर्ण भारावर साधारण एकवीस अँपिअर घेते, पण थेट चालू केली तर पहिल्या क्षणी त्याच्या सहा-सात पट. म्हणून तिची वाइंडिंग आधी स्टारमध्ये जोडतात. प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि लाईनचा करंट थेट सुरू करण्याच्या एक तृतीयांशावर येतो. जोरही तेवढाच उतरतो, म्हणून जड भार असलेली मोटर स्टारमध्ये उठत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. वेग आला की टायमर स्टारचा कॉन्टॅक्टर सोडतो आणि डेल्टाचा ओढतो. कॉन्टॅक्टर तीन: मेन, स्टार, डेल्टा. धोका एकच, पण भयंकर. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी ओढले तर तिन्ही फेज सरळ एकमेकांवर आदळतात. मिस्त्रींच्या ड्रॉवरमध्ये तसा एक कॉन्टॅक्टर ठेवलेला होता. पट्ट्या वितळून एकजीव झालेल्या, प्लॅस्टिक काळं ठिक्कर, एका कोपऱ्यात तांब्याचा थेंब गोठलेला.

ते टाळायला स्टारच्या कॉइलच्या वाटेत डेल्टाचा एनसी आणि डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत स्टारचा एनसी घालतात. याला इंटरलॉक म्हणतात. मिस्त्रींचं टोक तिथे आलं. "हा कशाला? टायमर एकाला सोडूनच दुसऱ्याला ओढतोय की." मी बराच वेळ गप्प होतो. मग त्यांनी जळका कॉन्टॅक्टर पुढे सरकवला. टायमरने स्टारची कॉइल सोडली, पण पट्ट्या चिकटल्या असतील तर? कॉइलचा करंट गेला, सांगाडा मात्र खालीच अडकला. टायमरच्या हिशेबात स्टार सुटला, प्रत्यक्षात तो बसलेलाच आहे. एनसी कॉन्टॅक्ट त्याच सांगाड्यावर असतो, म्हणून तोही उघडाच राहतो आणि डेल्टाला वाट मिळत नाही. सर्किटमधली कॉइल म्हणजे हुकूम आणि कॉन्टॅक्ट म्हणजे खबर, हा फरक त्या दिवशी माझ्या डोक्यात बसला. शहाणं सर्किट आपल्याच हुकुमावर भरवसा ठेवत नाही, खबर आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

साखर कारखान्यात हा विचार एका मोटरपुरता राहत नाही. गळीत हंगामाची सुरुवात गव्हाणीत मोळी टाकून होते. ती बातमी आणि फोटो आपण दरवर्षी पेपरात बघतो. त्या गव्हाणीतून ऊस पुढे जातो, त्याचे तुकडे होतात, फायब्रायझर तो पिंजतो, रेक कॅरियर वर चढवतो, मग एकामागे एक मिल, आणि शेवटी चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरकडे. यातलं पुढचं यंत्र थांबलं आणि मागचं चालत राहिलं तर ऊस तुंबून सगळं चोंदतं. वारीत पुढची दिंडी थांबली की मागच्या दिंडीला थांबावंच लागतं, तसंच हे. म्हणून प्रत्येक मोटरच्या कॉइलच्या वाटेत पुढच्या मोटरचा एनओ घातलेला असतो, आणि चालू करायची पाळी येते तेव्हा शेवटचं यंत्र पहिलं चालू होतं, गव्हाण सगळ्यांत शेवटी. ड्रॉइंगची पानं उलटत या खबरींचा माग काढत गेलं की कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. कोण कुणावर अवलंबून आहे, हे मला तरी त्या कागदांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

हंगाम ऐन भरात असताना एकदा तिसऱ्या पाळीत, पहाटेच्या सुमाराला, बगॅसचा बेल्ट थांबला आणि परत चालू होईना. बगॅस जळतो तेव्हा वाफ होते आणि वाफेवर सगळा कारखाना चालतो, म्हणून बॉयलरवरून फोनवर फोन. बटण दाबलं तर कॉन्टॅक्टरचा खट् आवाजसुद्धा नाही. मिस्त्री म्हणाले, "कागद काढ." कंट्रोल लाईन ११० व्होल्टची होती. फ्यूज, ओव्हरलोड, इमर्जन्सी स्टॉप, मग ओळीने चार पुल कॉर्ड स्विच, मग पुढच्या बेल्टची खबर, मग कॉइल. कागदावर बोट आणि टर्मिनलवर मीटर, असं मी एकेक पुढे सरकत गेलो. इथे ११० आहेत, इथे आहेत, इथेही आहेत, इथे नाहीत. तिसरा पुल कॉर्ड.

पुल कॉर्ड म्हणजे बेल्टच्या कडेने शेवटपर्यंत बांधलेली दोरी. कुणी अडकलं, पडलं, तर हाताशी येईल तिथून ती ओढायची, बेल्ट थांबतो. वीतभर वायरीने ती दोन टर्मिनल जोडली असती तर बेल्ट तत्क्षणी चालू झाला असता. पाळीवरचे साहेब तेच म्हणाले, "मिस्त्री, डायरेक्ट करून द्या की. सकाळी बघू." मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी दोरी बघून येतो." मला म्हणाले, "बॅटरी घे."

आम्ही गॅलरीवर चढलो. बगॅसची धूळ उजेडात भुरभुरत होती. मिस्त्री दर थोड्या अंतरावर थांबून हाक मारत होते, "कोण हाय का रं?" उत्तराची वाट बघून पुढे जात होते. वाटेत तिसरा स्विच आला. बगॅसचा ढीग दोरीवर ओणवला होता, वजनाने दोरी ताणली गेली होती आणि स्विचचा दांडा खाली आला होता. वर कुणीही नव्हतं. कारण सापडलं होतं, दांडा तिथेच वर करता आला असता. तरी मिस्त्री बेल्टच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथेही हाक मारली, परत आले, हाताने ढीग उपसला आणि मग दांडा वर केला.

कागदावर तो स्विच म्हणजे एका आडव्या रेघेवरची तिरपी रेघ. तिला वगळून 'डायरेक्ट' करताना आपण काय काढून टाकतो ते कागदावर दिसत नाही. ते बघायला गॅलरीवर जावं लागतं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ मध्ये यंत्राची शक्ती तोडण्याच्या साधनांबद्दल लिहिलं होतं, आणि बंद केलेला स्विच चुकून चालू होण्याजोगा असेल तर त्याला बंद अवस्थेत कुलूपबंद करायची सोय असली पाहिजे, असंही. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण मिस्त्रींच्या हाकेत आणि त्या कलमात मला काही अंतर वाटत नाही.

रिलेंचा जमाना ओसरून पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर, आले, तेव्हा आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांना धास्ती होती की आता आपलं वाचन संपलं. तसं झालं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या कपाटांऐवजी काहीतरी हवं होतं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मॉडिकॉन ०८४ ला तिथे काम मिळालं. तो एक संगणकच होता, पण त्याची भाषा ठेवली ती लॅडरची, म्हणजे दोन उभ्या रेघा, मधे पायऱ्या, पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट आणि टोकाला कॉइल. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती आधीपासून वाचता येत होती. यंत्राने माणसाची लिपी उचलली, याचं मला फार अप्रूप आहे. आमचे मिस्त्री संगणकाच्या पडद्यावर तीच पेन्सिल टेकवून तोच प्रश्न विचारायचे. आणि पीएलसी असलेल्या पॅनेलमध्येही इमर्जन्सी स्टॉपची वायर बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमवर न सोडता सरळ कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत ओढलेली असते.

आता गावाकडे येतो, कारण या सगळ्या वाचनाचा उपयोग मला सर्वांत जास्त तिथे वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी आमच्या टापूतली. पंप, स्टार्टर, फेज हे शब्द आमच्या घरातले, बायाबापड्यांच्या तोंडचे. दादाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, स्टार्टर साधा डीओएल. त्याची कॉइल ४१५ व्होल्टची, म्हणजे दोन फेजच्या मध्ये जोडलेली. हे वाचलं की एक गोष्ट लगेच दिसते. या दोघांपैकी एक फेज गेला तर कॉइल बहुधा सुटेल आणि मोटर वाचेल. तिसरा गेला तर कॉइलला त्याचा पत्ताच नसतो. मोटर दोन फेजवर ओढत राहते, करंट वाढतो, वाइंडिंग भाजते. तेव्हा राखणीला उरतो एकटा ओव्हरलोड, आणि तो वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्याची खूण शेवटच्या आकड्याला नेऊन ठेवलेली असते. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. ओव्हरलोडची खूण तिच्या नेमप्लेटवरच्या आकड्यालाच हवी. मोटर रिवाइंडिंगला टाकायचा खर्च दर एक-दोन वर्षांनी करणाऱ्या माणसाने एवढी एक खूण बघितली तरी पुष्कळ.

आणि ऑटो स्विच, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा. तीन फेजची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोन वाजता लाईट येते, उसातून वाट, पायाखाली साप, अलीकडे बिबट्याही. मी दादाला एकदा म्हणालो, "वीज गेल्यावर स्टार्टरनं विसरावं म्हणूनच तर तो तसा केलाय." तो म्हणाला, "आरं, त्यो इसरला की मला उठाय लागतंय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लेथवरच्या कामगाराचा हात वाचवायला घातलेला विसराळूपणा इथे शेतकऱ्याला काळोखात विहिरीवर पाठवतो. शेतीला दिवसा पुरेशी वीज मिळणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि ती मिळेपर्यंत ऑटो स्विच लावणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही. फक्त ज्या पेटीत तो लावलाय तिथे मोटर कधीही आपोआप चालू होऊ शकते, हे घरातल्या पोरासोरांसकट सगळ्यांना ठाऊक हवं, आणि पंपाला, पट्ट्याला, वायरीला हात लावायच्या आधी मेन खाली ओढलेला हवा.

पण ऑटो स्विचच्या सर्किटमध्ये आणखी एक गोष्ट राहून गेलेली आहे. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा पंप आहेत असं धरा, सगळे पाच एचपीचे. चालत असताना सगळे मिळून साधारण ११२ अँपिअर घेतात. १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता साधारण १३३ अँपिअर, म्हणजे तो हे ओझं पेलतो. आता रात्री दोनला लाईट आली आणि पंधराही ऑटो स्विचनी एकाच क्षणी मोटरी ओढल्या. सुरुवातीचा करंट सहा पट धरला तर पावणेसातशे अँपिअरच्या आसपास. व्होल्टेज कोसळतं, कॉइली थरथरतात, मोटरी वेग घेत नाहीत, आणि वेग घेत नाहीत म्हणून तो चढा करंट आणखी वेळ वाहत राहतो. फ्यूज जातात. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर डीपी जातो, आणि तो बदलून येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. कारखान्यात एका मोटरची खबर दुसरीच्या कॉइलपर्यंत गेलेली असते. डीपीवरच्या पंधरा पेट्यांत एकमेकांची खबर ठेवणारी एकही वायर नसते.

ती वायर शेताशेतांतून ओढता येणार नाही, पण वेळ वाटून घेता येतो. कॉइलच्या वाटेत टायमरचा एक कॉन्टॅक्ट असला की लाईट आल्यावर ठरलेले सेकंद थांबून मगच मोटर उठते. बाजारातल्या अनेक ऑटो स्विचमध्ये ही सोय आधीच दिलेली असते. सगळ्यांनी ती एकाच आकड्यावर ठेवली तर मात्र उपयोग शून्य. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची विहीर आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. आपल्या डीपीवरचे सगळे एकदा एकत्र बसा, कुणाची मोटर कितवी ते ठरवा, आणि माहीतगार वायरमनकडून प्रत्येक पेटीत तेवढे सेकंद लावून घ्या. पंधरा पंपांत दहा-दहा सेकंदांचं अंतर ठेवलं तरी शेवटची मोटर अडीच मिनिटांच्या आत चालू होते.